जमली आणि जमलं

नरोली रस्त्याला मडकी पुन्हा उलटी झाली आहेत.

गेल्या आठवड्यात ऑफिसातून घरी येताना पहिला धूर दिसला. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीची शेड, पुढे शेण्या आणि सुका पाला यांचा ढीग, आणि त्या ढिगात तोंड खुपसून बसलेली काळी मडकी. आत पापडीच्या शेंगा, कंद, रताळी, बटाटे, हिरवा मसाला आणि पाल्याचं दाट अस्तर. पाण्याचा एक थेंब नाही. भाज्या आपल्याच वाफेवर शिजतात. याला इथे उबाडियुं म्हणतात. ते दिसू लागलं की सिल्वासात थंडी आली असं धरून चालायचं. स्वेटर त्यानंतर पंधरा दिवसांनी निघतात. एखाद्या वर्षी निघतही नाहीत.

मी अलिबागकडचा. आमच्याकडे जवळपास हेच करतात आणि त्याला पोपटी म्हणतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, शेतातला जाळ. एकोणीस वर्षं मी या रस्त्यानं जातो आहे, आणि दर थंडीत ही मडकी बघून मनात एकच वाक्य येतं: आमची पोपटी वेगळी. इथली शेंग खाताना मी तिकडची शेंग आठवत असतो. माझ्या तोंडाला कुठलीच चव धड लागत नाही.

यंदा मात्र धूर दिसला तेव्हा पोपटी आठवली नाही. सरला आठवली. मागच्या थंडीत मी तिच्या लेखातलं एक वाक्य बदललं होतं. चुकून नव्हे, जाणूनबुजून. तिला ते सांगणं राहून गेलं होतं. राहून गेलं असं तरी का म्हणू, मी सांगितलं नव्हतं. आणि यंदाचा धूर दिसला त्याच दिवशी मेहुलभाईंचा मेसेज आला होता: ‘शनिवारे सरलाबेन आवे छे. बधा आवजो.’

आमची ब्लॉगवाल्यांची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी, मेहुलभाईंच्या कॉम्प्युटर क्लासात भरते. मुलं नुकतीच गेलेली असतात. खुर्च्या अजून गरम असतात आणि फळ्यावर कसलं तरी सूत्र अर्धवट पुसलेलं असतं. मेहुलभाई गुजरातीत पाककृती लिहितात. शुक्लाजी एका कंपनीच्या गेटवर सुरक्षा अधिकारी आहेत, ते हिंदीत कविता लिहितात. मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो आणि मराठीत माझं बालपण लिहितो. बाकी दोन-चार जण येतात-जातात. एक मुलगी दोनदा आली होती. ती फक्त व्हिडिओ करायची. ‘अंकल, तुम्ही लोक अजून टाइप करता?’ असं विचारून गेली ती पुन्हा आली नाही.

बैठकीचा नियम एकच. आपलं लिखाण आपण वाचायचं नाही, उजवीकडे बसलेल्यानं वाचायचं. भाषा कुठलीही असो. हा नियम मेहुलभाईंचा. ते म्हणतात, “स्वतः वाचला तर माणूस आवाजानी मीठ नाखतो. दुसऱ्यानी वाचला एटले खबर पडते, मीठ होता के नव्हता.” या नियमामुळे पुष्कळ गंमत झाली आहे. पहिल्या वर्षी शुक्लाजींना माझा पोपटीवरचा लेख वाचायला मिळाला. ‘ळ’ त्यांना येत नाही, त्यामुळे ‘काळी मडकी’ची ‘काली मडकी’ झाली. पण अर्ध्यात ते थांबले आणि अगदी हळव्या आवाजात म्हणाले, “म्हात्रेजी, आप लोग तोते को मटके में डालते हैं?” पोपटी म्हणजे पोपटाची मादी असा त्यांचा समज झाला होता. तेव्हापासून थंडी आली की ते मला विचारतात, “इस साल भी तोता पकेगा?”

पकतो. दर वर्षी पकतो. मी दर थंडीत पोपटीवर लिहितो, दर पावसात आमच्या मळ्यातल्या खेकड्यांवर. खाली माझ्या चुलतभावाचा एकच शब्द येतो: ‘मस्त.’ वडील गेले तेव्हा मी चार पानं लिहिली, रडत लिहिली. त्याखालीही ‘मस्त’ आलं.

सरला या बैठकीत आली त्याला आता दोन-तीन वर्षं झाली. पस्तिशीची असेल. गलोंड्याला सुताच्या कंपनीत चेकिंगला आहे. आईवडील शहाद्याकडून कंपनीच्या कामासाठी इथे आले, ती जन्मली इथेच. तिच्या मराठीत घरची अहिराणी, शेजारची गुजराती आणि कंपनीतली हिंदी अशी काही मिसळलेली की कोण कुठून आलं ते तिलाही सांगता यायचं नाही. ती टाइप करत नसे. सुट्टीच्या वेळात कंपनीच्या सायकल स्टँडपाशी उभी राहून फोनमध्ये बोलायची आणि फोन लिहून घ्यायचा. मागे मशिनची घरघर. त्यामुळे फोन वाटेल ते लिहायचा. सूत ज्या पुठ्ठ्याच्या शंकूवर गुंडाळतात त्याला कंपनीत कोन म्हणतात. फोनला कोन माहीत नव्हता. त्यामुळे तिच्या पहिल्याच लेखात ‘माझी आई दिवसभर कोण भरायची’ असं वाक्य होतं.

“भाऊ, तुम्ही जरा बघून देत जा,” ती मला म्हणाली. “शुद्धलेखनाचं माझं काही खरं नाही. पासवर्ड लिहून घ्या. मी ड्युटीवर असले की तुम्हीच सुधारून टाका.”

मी घेतला. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझ्या मराठीची कोणाला तरी गरज पडली होती.

पण मी तिचे ‘कोण’ सुधारत गेलो तसतसं आजूबाजूचं वाचतही गेलो. खेरडीच्या फाट्यावर सकाळी कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बायका. भात कापलेल्या शेतातून आल्यानं त्यांच्या चपलांना लागलेला चिखल, आणि तो बसमध्ये वाळून पडला की ड्रायव्हरचा रोजचा ठरलेला आरडाओरडा. मशिनच्या तेलाचा वास आणि उबाडियाच्या पाल्याचा वास एकाच ओढणीला कसा येतो, आणि धुतल्यावर त्यातला आधी कुठला जातो. मी एकोणीस वर्षं त्या फाट्यावरून जातो. त्या बायका रोज बघतो. मला त्यांच्या चपला दिसल्या नव्हत्या. मी अलिबागच्या मळ्यातला पन्नास वर्षांपूर्वीचा चिखल लिहीत होतो आणि तिनं खिडकीखालचा उचलला होता.

हेवा कसा असतो ते मला तेव्हा नीट कळलं. शेंग खाताना तिची शीर दातांत अडकते तसा. दुखत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते. मी माझ्या ब्लॉगपेक्षा तिचा ब्लॉग जास्त वेळा उघडू लागलो. तिच्या लेखाखाली नंदुरबारचा कोणी माणूस आपल्या आईबद्दल लांबलचक लिहायचा, कोणी तरी त्याला उत्तर द्यायचं, आणि तिथे एक घरच उभं राहायचं. मी त्यात शिरून ऱ्हस्व-दीर्घ बघायचो.

आता तो लेख.

लेख सरलाच्या शाळेच्या सहलीचा होता. वर्ग वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला जाणार होता. बाईंनी सांगितलं होतं, कोणाची आई बरोबर आली तरी चालेल. घरात डबा एकच, तो आईचा, कंपनीत न्यायचा. त्या दिवशी सकाळी आईनं तो भरून मुलीच्या दप्तरात ठेवला. मुलगी जाळीच्या बसमधून सिंह बघून आली. संध्याकाळी आई कामावरून आल्यावर तिच्या पायाशी बसून तिनं सिंहाचं सगळं सांगितलं. सिंह कसा झोपतो, कसा उठतो, त्याला रोज किती मांस टाकतात, तो आधी काय खातो. आई ऐकत होती. पुन्हा पुन्हा विचारत होती, मग काय खाल्लं त्यानं, मग? आणि शेवटचं वाक्य होतं: ‘त्या दिवशी आई जमली नाही.’

गुजरातीत जमणं म्हणजे जेवणं. सरलाच्या आईला शहाद्याहून आल्यावर इथला पहिला शब्द कळला तो हाच असावा. कंपनीतल्या बायका दुपारी एकमेकींना ‘जम्या?’ विचारतात. तो शब्द ती घरी घेऊन आली आणि त्याला अहिराणीचा झगा घातला. सरलानंच एकदा सांगितलं होतं, आई अजून फोनवर आधी हेच विचारते: “जमनी का व माय?”

मला हा शब्द माहीत नव्हता असं म्हणायची सोय नाही. मी सिल्वासात नवा आलो तेव्हा कचेरीतल्या एका गुजराती सहकाऱ्यानं घरी बोलावलं होतं, “रविवारे जमवा आवजो.” मला वाटलं कसली तरी सभा आहे, लोक जमणार आहेत. मी घरी पोटभर जेवून, खिशाला पेन लावून, वही घेऊन गेलो. तिथे ताट वाढलेलं. घरची मंडळी माझ्या वहीकडे बघत होती. मी दुसऱ्यांदा जेवलो, आणि वर आग्रह झाला म्हणून तिसऱ्यांदा. त्या दिवसापासून तो शब्द माझ्या पोटात कायमचा बसला आहे.

तर शनिवारची दुपार होती. सुट्टी होती, पण साचलेलं काम उरकायला मी कचेरीत गेलो होतो. संध्याकाळी बैठक म्हणून सरलानं सांगितलं होतं, लेख तेवढा बघून ठेवा. मी ‘कोण’चे ‘कोन’ केले. नको तिथले अनुस्वार काढले. आणि शेवटच्या वाक्यापाशी आलो.

आधी मी ते वाक्य दोनदा वाचलं. डबा एकच होता हे वर कुठेतरी सहज येऊन गेलेलं, आणि ते सगळं या पाच शब्दांनी उचललं. आणि त्याच क्षणी पोटात जळलं. हे मला कधीच लिहिता येणार नाही. माझ्या वडिलांवरच्या चार पानांत असं एक वाक्य नाही. आणि ही बाई सायकल स्टँडला उभी राहून फोनला हे सांगते आणि परत ड्युटीवर जाते.

शुद्धलेखनाचंच निमित्त होतं तर मी ‘आई जेवली नाही’ असं लिहायला हवं होतं. ते प्रमाण मराठी झालं असतं आणि तिचं म्हणणंही राहिलं असतं. मी तसं लिहिलं नाही. मी लिहिलं: ‘त्या दिवशी आईला जमलं नाही.’

म्हणजे आईला सहलीला येणं जमलं नाही. बस्स. माझ्या बदलाला तिच्याच लेखात जागा होती, बाईंनी आयांना बोलावलं होतं ना. त्या आईचं उपाशी राहणंच मी पुसून टाकलं.

त्या संध्याकाळी मी सरलाच्या उजवीकडे बसलो होतो. नियमाप्रमाणे मीच वाचलं. चांगलं वाचलं. शेवटचं वाक्य सावकाश वाचलं. मेहुलभाई म्हणाले, “सरस. बा आवी नहीं शकी, एम ने?” सरलानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग ती मेहुलभाईंना म्हणाली, “हां. नाही जमलं तिला.”

त्यानंतर शुक्लाजींनी माझी पोपटी वाचली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मेहुलभाईंनी भांबुर्ड्याला गुजरातीत काय म्हणतात ते शोधायला फोन काढला. खाली रस्त्यावरून उबाडियुं आलं होतं. सगळ्यांनी द्रोणातून खाल्लं. कंद जांभळा, मऊ, आतून धुराचा. मला त्या दिवशी पहिल्यांदा ते पोपटीपेक्षा चांगलं लागलं. एवढा मी खूश होतो.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. सेकंड शिफ्ट लागली आहे, असा निरोप आला. त्याच्या पुढच्या महिन्यातही शिफ्ट. ब्लॉगवर काही येईना. आणि मला, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं. होळीपर्यंत वाटत होतं. मग एकदा माझी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्या सरलाचं हल्ली काही येत नाही. तिचं वाचलं की मला आई आठवायची.” माझी बायको तिचा ब्लॉग वाचते हे मला माहीत नव्हतं. माझा वाचत नाही हे माहीत होतं.

पासवर्ड माझ्याकडे होताच. एक वाक्य परत पहिल्यासारखं करायला अर्धं मिनिट लागलं असतं. वर्षभर मी ते पान उघडायचो, त्या ‘जमलं’कडे बघायचो आणि बंद करायचो. परत केलं तर तिला दिसेल. दिसलं तर कळेल की मला आधीही कळत होतं. चूक तशीच ठेवली तर मी फक्त अडाणी ठरत होतो, आणि अडाणी ठरणं मला सोयीचं होतं.

या शनिवारी मी लवकर गेलो. सरला आधीच बसलेली. थोडी बारीक झाली होती. “या भाऊ,” म्हणाली आणि तिनं उजवीकडची खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली. शुक्लाजी म्हणाले, “तोता लाए हैं?” सगळे हसले. मी काही लिहून नेलं नव्हतं.

मेहुलभाईंनी वही उघडली. “पहिलं सरलाबेन. वरस पछी आव्या छे. वाचणार म्हात्रेभाई.”

सरलानं फोन माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही.

“मी नाही वाचणार,” मी म्हणालो.

“केम? चष्मा नथी लाव्या?”

“तसं नाही.” मला वाटलं होतं, मी तिला बाजूला घेऊन सांगेन, जिन्यात, हळू आवाजात. पण वाचलं होतं मी सगळ्यांसमोर. “मागच्या वर्षी मी सिंहांचा लेख वाचला होता. त्यातलं शेवटचं वाक्य सरलाचं नव्हतं. मी बदललं होतं. तिचं वाक्य होतं, त्या दिवशी आई जमली नाही.”

 शुक्लाजींना काही कळलं नाही. मेहुलभाईंना मात्र लगेच कळलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“एटले… डबा आ छोकरीए खाधो,” ते सावकाश म्हणाले. “अने बा भूखी रही?”

“हो,” सरला म्हणाली.

 मेहुलभाई नुसते टाळूवरून हात फिरवत राहिले. वर्षापूर्वी ‘सरस’ म्हणालेला माणूस. तो लेख त्यांना आत्ता पोचला होता, आणि त्यांना तो पोचताना बघणं मला फार जड गेलं.

सरला माझ्याकडे वळली. “मला वाटलं होतं, तुम्हाला शब्द समजला नाही. तुम्ही कोकणातले. म्हणून मी गप्प बसले. चार माणसांत तुमची चूक काढणं बरं दिसलं नसतं.”

“समजला होता,” मी म्हणालो.

“समजून बदलला?”

“समजून.”

“का?”

मला एवढंच म्हणता आलं, “माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून.”

 ती म्हणाली, “तेव्हाच विचारायला हवं होतं. वर्षभर मला वाटत होतं, आपली भाषाच अशी. शिकलेल्या माणसाला कळत नाही तर लिहून काय करायचं.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तो पेलता आला असता. तिनं फोन स्वतःकडे घेतला आणि अंगठ्यानं काही तरी करू लागली. “पासवर्ड बदलते भाऊ. मनात काही नाही. पण बदलते.”

“बदल,” मी म्हणालो.

“अने शुद्धलेखन?” मेहुलभाईंनी विचारलं. त्यांना बहुतेक कोणी तरी काही तरी बोलायला हवं होतं.

“तपासतील की भाऊच,” सरला म्हणाली. “मी बाजूला बसून. एक-एक शब्द विचारून.” आणि मग पहिल्यांदाच थोडी हसली. “कोन अजून कोणच येतो.”

मग तिनं फोन माझ्या पुढून नेऊन शुक्लाजींना दिला. शुक्लाजींनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. ‘ळ’चे ‘ल’ करत, अहिराणी शब्दांना ठेचकाळत. लेख कंपनीत वीज जाते त्याबद्दल होता. चारशे मशिनं एकदम थांबतात. पण बायका त्या घरघरीत एकमेकींशी ओरडून बोलायला इतक्या सरावलेल्या असतात, की शांतता झाल्यावरही मिनिटभर ओरडतच राहतात. मोठ्यानं, एकमेकींच्या तोंडाशी तोंड नेऊन, त्या सांगत असतात की घरी आज कोणती भाजी केली. मग एकेकीला ऐकू येतं की आपण ओरडतोय, आणि तिचा आवाज खाली येतो. शेवटपर्यंत जी ओरडत राहते ती सगळ्यांत जुनी बाई असते.

शुक्लाजी तिथे थांबले. मेहुलभाईंनी मान खाली घातली होती.

आणि माझ्या पोटात जळलं. तसंच, तेवढंच, त्याच जागी. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की ते जाईल. गेलं नाही. त्या लेखात एके ठिकाणी शुक्लाजी अडखळले होते, बहुधा फोननं तिथे काही तरी चुकीचं लिहिलं असणार, आणि माझा अंगठा मांडीवर आपोआप हलला. मी तो दुसऱ्या हातात धरून बसलो.